सोन्याचा कण उंदरात शोधायचा, तर किती खर्च येतो?

सराफाकडे जुनी पाटली मोडायला नेली की तो ती एका पेटीत ठेवतो, झाकण लावतो आणि थोड्याच वेळात पडद्यावर आकडे उमटतात: सोनं इतके टक्के, तांबं इतकं, चांदी इतकी. या पेटीला बाजारात कॅरेटोमीटर म्हणतात, कुणी नुसतं ‘कॅरेट मशीन’ म्हणतं. पाटलीला ओरखडा पडत नाही, ती वितळवावी लागत नाही. पेटीतले क्ष-किरण धातूच्या अणूंना डिवचतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचा क्ष-किरण परत फेकतं. सोन्याची सही वेगळी, तांब्याची वेगळी. याचं नाव क्ष-किरण प्रतिदीप्ती, प्रयोगशाळेच्या बोलीत एक्सआरएफ. बीआयएस-मान्य केंद्रात चार नगांपर्यंत दागिने तपासून घ्यायला ग्राहकाला २०० रुपये लागतात, आणि सराफाला हॉलमार्कसाठी नगामागे ४५ रुपये अधिक जीएसटी. एक्सआरएफचा हा सगळ्यात स्वस्त दर.

आता पाटलीच्या जागी उंदीर ठेवा. त्याच्या शेपटीच्या शिरेतून काही नॅनोमीटर आकाराचे सोन्याचे कण सोडलेत आणि प्रश्न असा आहे की ते गाठीपर्यंत पोहोचले की यकृतातच अडकले. उंदराभोवती सगळ्या बाजूंनी मोजमाप घेऊन, सीटी स्कॅनसारखं गणित मांडून, सोनं कुठे आणि किती याचा नकाशा काढायचा. हीच क्ष-किरण प्रतिदीप्ती टोमोग्राफी. १९८७ मध्ये बोआसो आणि ग्रॉडझिन्स यांनी ब्रुकहेवनच्या सिंक्रोट्रॉनवरचा असा पहिला प्रयोग छापला. तेव्हापासून ‘हे आमच्या प्रकल्पात करायचं तर किती लागतील?’ हा प्रश्न फिरतो आहे, आणि आपल्याकडच्या विद्यापीठांत तो हल्ली फारच ऐकू येतो, कारण नॅनोकण बनवणारी प्रयोगशाळा आता जवळपास प्रत्येक रसायनशास्त्र विभागात आहे. कण बनतात, त्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो निघतात, आणि मग परीक्षक विचारतो, ‘शरीरात जातात कुठे?’

उत्तराआधी दोन शब्द रुग्णाच्या नातेवाइकांसाठी, कारण ‘नॅनो’ आणि ‘सुवर्ण’ हे दोन्ही शब्द एका जाहिरातीत आले की लोक खिसा सैल करतात.

ही तपासणी कुठल्याही रुग्णालयाच्या दरपत्रकावर नाही. भारतात नाही, परदेशातही नाही. आजवरचं काम प्लास्टिकच्या नमुन्यांवर, उतींच्या कापांवर आणि उंदरांवर झालं आहे. माणसावर प्रतिदीप्ती वापरल्याचं एक जुनं उदाहरण आहे: १९६८ मध्ये शिकागोच्या हॉफर यांनी अमेरिशिअमचे किरण गळ्यावर टाकून थायरॉइडमधलं आयोडीन मोजलं. ते जमलं, कारण थायरॉइड कातडीच्या अगदी खाली असते आणि आयोडीन तिथे आधीपासूनच साठलेलं असतं. कर्करोग कुठवर पसरला हे पाहण्यासाठी आज जे खरोखर मिळतं ते सीटी, एमआरआय आणि पेट-सीटी. ‘गोल्ड नॅनो स्कॅन’ असं काही सांगून कुणी पैसे मागत असेल तर दोन प्रश्न विचारा: हा क्लिनिकल ट्रायल आहे का, आणि असल्यास सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय? ट्रायलमध्ये प्रयोगाच्या तपासणीचा खर्च रुग्णाच्या माथी मारत नाहीत. क्रमांक मिळाला नाही तर उठून यावं.

इथून पुढचं संशोधक विद्यार्थी, त्यांचे गाइड आणि विभागाचे हिशेब सांभाळणाऱ्यांसाठी.

आधी धातू ठरवा, यंत्र नंतर

प्रकल्पाचं बजेट बहुतेक जण यंत्रापासून मांडायला घेतात. माझ्या मते तिथेच चूक होते. खर्च ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे कणात कुठला धातू आहे, कारण त्याच्या सहीचा क्ष-किरण शरीरातून बाहेर येतो की वाटेतच गिळला जातो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

सोन्याच्या दोन सह्या आहेत. एक मंद, म्हणजे ९.७ आणि ११.४ केईव्हीच्या आसपासच्या एल रेषा (केईव्ही हे क्ष-किरणाच्या ऊर्जेचं माप). दुसरी तगडी, ६७ ते ६९ केईव्हीची के रेषा. ९.७ केईव्हीचा किरण मांसासारख्या उतीतून जाताना सव्वा मिलिमीटरभरात निम्मा होतो. उंदराच्या पोटातलं यकृत याहून खोल असतं. म्हणजे एल रेषेवर अख्खा उंदीर पाहायला गेलात तर वरच्या कातडीचाच नकाशा हाती येईल. के रेषेचा किरण निम्मा व्हायला मात्र तीन-साडेतीन सेंटिमीटर लागतात. पण ती उठवायला ८०.७ केईव्हीच्या वरचे किरण हवेत, आणि अशा किरणांचा विखुरलेला कचरा इतका असतो की सोन्याचा आवाज त्यात बुडतो. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये सांग ह्यून चो यांच्या गटाने टेबलावर मावणाऱ्या यंत्रावर हेच करून दाखवलं. २०१६ मध्ये त्यांनी गाठ असलेल्या उंदरातल्या सोन्याचा नकाशा छापला. उंदीर मात्र आधी मारलेला होता. या एका तपशिलात खर्चाचा अर्धा धडा आहे: वेळ इतका लागतो की जिवंत प्राणी तेवढा वेळ स्थिर आणि सुरक्षित ठेवणं अवघड.

स्टॉकहोमच्या केटीएचमध्ये हान्स हर्ट्झ यांच्या गटाने प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. सोन्याचा आग्रह सोडला आणि यंत्राला साजेसा धातू निवडला. त्यांचा क्ष-किरण स्रोत द्रव धातूच्या धारेवर चालतो. त्या धारेतलं इंडियम २४.२ केईव्हीचा किरण देतं, आणि मॉलिब्डेनमला उठवायला २० केईव्ही पुरतात. मॉलिब्डेनमची सही १७.५ केईव्हीला, तर उंदरातून विखुरलेला कचरा साधारण २२ ते २४ च्या दरम्यान. दोघांत मोकळी जागा राहते, म्हणून थोडासा धातूही दिसतो. शिवाय १७.५ केईव्हीचा किरण निम्मा व्हायला सहा मिलिमीटर लागतात, उंदराच्या मापाला ते चालतं. या जोडीच्या बळावर त्यांनी २०२० मध्ये छापलेल्या कामात तेच उंदीर आठ आठवड्यांत प्रत्येकी पाच वेळा तपासले, दर वेळी मारावे लागले नाहीत.

हिशेबाच्या नजरेने हा आकडा फार मोलाचा आहे. एरवी कण कुठे गेले हे पाहायचं तर प्रत्येक वेळी काही उंदीर मारून अवयव काढावे लागतात. समजा पाच वेळा पाहायचं, दर वेळी पाच, म्हणजे पंचवीस उंदीर. तेच उंदीर पुन्हा तपासता आले तर पाचांत भागतं. शिवाय प्रत्येक उंदराची तुलना त्याच्याशीच होते, म्हणून संख्याशास्त्रातही फायदा.

तर पहिला सल्ला हा: तुमच्या प्रयोगशाळेत सोन्याचे कण सोपे बनतात म्हणून सोनं, असं करू नका. पातळ काप पाहायचे असतील तर सोनं उत्तम. अख्खा उंदीर पाहायचा असेल तर मॉलिब्डेनमसारख्या मधल्या धातूचा विचार करा.

सोन्याचा खरा खर्च

आणि सोनंच हवं असेल तर किती लागेल तेही काढून बघा. जेम्स हेनफेल्ड यांनी २००४ साली उंदरांवर सोन्याचे १.९ नॅनोमीटरचे कण वापरले तेव्हा मात्रा किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत होती. पंचवीस ग्रॅमच्या उंदराला ही मात्रा साडेसदुसष्ट मिलिग्रॅम. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला आहे. लाखच धरला तरी नुसत्या धातूचे उंदरामागे पावणेसातशे रुपये. फार वाटत नाही. पण हाच हिशेब साठ किलोच्या माणसाला लावा: १६२ ग्रॅम, म्हणजे बाजारच्या हिशेबाने सोळा तोळे सोनं शिरेतून. लग्नातही आजकाल एवढं घालत नाहीत. साध्या सीटीला सोनं दिसायला मिलिलिटरमागे मिलिग्रॅमच्या घरात लागतं, म्हणून मात्रा अशा फुगतात. प्रतिदीप्तीचं सगळं आकर्षण इथेच आहे, ती याहून कितीतरी कमी सोन्यावर भागवू पाहते. प्रकल्पाच्या अर्जात ‘का’ या रकान्यात लिहायला याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

प्रयोगशाळेत आपण लगड विकत घेत नाही, क्लोरोऑरिक आम्लाचा क्षार घेतो. त्यात वजनाने निम्मंच सोनं असतं. दहा उंदरांना वरची मोठी मात्रा द्यायची तर पावणेसातशे मिलिग्रॅम सोनं, म्हणजे दीड ग्रॅमच्या जवळपास क्षार, आणि धुताना-गाळताना वाया जाणारं धरून दोन ग्रॅम. शुद्ध क्षाराची बाटली लगडीच्या भावाने मिळत नाही, चांगलीच चढी पडते. सीएसआयआरच्या फेलोला वर्षाला वीस हजार कंटिंजन्सी मिळते. ती या बाटलीतच विरघळते. आणि कणांवर प्रतिपिंड चिकटवायचे असतील तर सोनं स्वस्त वाटायला लागेल. शंभर मायक्रोग्रॅमची प्रतिपिंडाची कुपी तीस-चाळीस हजारांना सहज जाते.

खरेदीच्या बाजूचं आणखी एक. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयात शुल्क एकदम १५० टक्के झालं होतं. ओरड झाल्यावर प्रयोगशाळेच्या स्वतःच्या वापरासाठी ते पुन्हा १० टक्क्यांवर आलं. पण त्यासाठी वापराचं हमीपत्र नीट द्यावं लागतं. ते विक्रेता देईल या भरवशावर राहू नका. उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्येच गेली. आता १८ टक्के धरूनच कोटेशन मागवा. जुन्या प्रकल्पाचं बजेट समोर ठेवून नवं लिहिणाऱ्यांचा नेमका इथेच घात होतो.

यंत्राकडे जाण्याआधी शेजारच्या विभागात जा

टोमोग्राफी हा शेवटचा दरवाजा आहे. आधीचे दोन-तीन स्वस्त दरवाजे ठोठावलेत का?

गाठीत सोनं पोहोचलं का, एवढाच प्रश्न असेल तर अवयव आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसवर मोजा. सरकारी मदतीवर चालणाऱ्या सॅफसारख्या केंद्रांत विद्यापीठांसाठी वेगळा दर असतो, सर्वसाधारणपणे सॅम्पलमागे काहीशे रुपयांपासून हजार-दोन हजारांपर्यंत, वर १८ टक्के जीएसटी. उद्योगांचा दर याच्या कैकपट. आयआयटी मुंबईच्या सॅफचं दरपत्रक सगळ्यांना बघता येतं. विरघळवण्याचे पैसे वेगळे आहेत का, हे फोनवर विचारून घ्या; अनेकदा असतात, आणि तीस सॅम्पल असली की तो आकडा जाणवतो. आयसीपी-एमएस टोमोग्राफीपेक्षा कितीतरी संवेदनशील आहे. फक्त ती ‘कुठे’ सांगत नाही, ‘किती’ सांगते.

गाठीच्या कडेला की गाभ्यात, असा प्रश्न असेल तर पातळ कापाचा सपाट नकाशा बहुधा पुरतो. त्याला टोमोग्राफी म्हणत नाहीत, पण शोधनिबंधाच्या परीक्षकाला नाव नको असतं, उत्तर हवं असतं. जिवंत उंदरात वेळोवेळी पाहायचं असेल तर खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या ठिकाणी लहान प्राण्यांच्या पेट-सीटीची सोय आहे. कणांना किरणोत्सारी खूण चिकटवता येत असेल तर तो रस्ता आधी तपासा.

हे सगळं करूनही ‘अख्ख्या अवयवात, न कापता, त्रिमितीत’ असा हट्ट उरत असेल तरच पुढे वाचा.

किरण फुकट, वेळ महाग

लोकांना ही गोष्ट खरी वाटत नाही: जगातल्या बहुतेक सरकारी सिंक्रोट्रॉनवर संशोधकाला बीमटाइमचे पैसे पडत नाहीत. अट एकच, निकाल छापायचा. प्रपोजल लिहायचं, ते तज्ज्ञ वाचतात, गुण देतात, निवड झाली तर ठरलेल्या शिफ्ट मिळतात. एक शिफ्ट आठ तासांची. निकाल गुप्त ठेवायचा असेल, म्हणजे कंपनीचं काम असेल, तर मात्र शिफ्टमागे लाखांत बिल येतं. तुमच्या स्टार्टअपचा आणि तुमच्या पीएचडीचा नमुना एकच असेल तर कुठल्या टोपीखाली अर्ज करताय हे आधी ठरवा. मध्येच टोपी बदलता येत नाही.

आपल्या सगळ्यात जवळचा पर्याय इंदूरचा. तिथे आरआरकॅटमध्ये इंडस-२ आहे, २.५ जीईव्हीचं, १७२.५ मीटर परिघाचं वर्तुळ. त्यावरची बीएल-१६ ही बीमलाइन सूक्ष्म एक्सआरएफसाठी आहे, ४ ते २० केईव्हीच्या टप्प्यात. सोन्याची एल रेषा तिच्या मधोमध बसते. मॉलिब्डेनम मात्र अगदी काठावर, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. विद्यापीठातल्या लोकांसाठी यूजीसी-डीएईचं वैज्ञानिक संशोधन संकुलही इंदुरातच आहे; आपल्या विभागातल्या कुणी त्यांच्यामार्फत काम केलं असेल तर त्यांना गाठा, अर्धी माहिती चहावर मिळते.

खर्चाचा माझा अंदाज असा. मुंबई सेंट्रलहून रात्री अवंतिका पकडली की सकाळी इंदूर. पुण्याहूनही थेट गाडी आहे. थ्री-एसीने जाऊन-येऊन माणशी अडीच हजार. तिघं जा, दोघं नको. बीम रात्रभर चालतो आणि माणूस झोपतो. राहणं, जेवण, रिक्षा धरून पाच दिवसांचे सगळे मिळून पंचवीस हजारांच्या आत बसतं. अणुऊर्जा खात्याचं आवार आहे, तेव्हा ओळखपत्रं, लॅपटॉपची परवानगी, सॅम्पलची यादी हे सगळं आठवडाभर आधी पाठवा. फाटकावर उभं राहून केलेल्या फोनांना उत्तर मिळतं, पण त्यात सकाळ जाते, आणि सकाळ म्हणजे अर्धी शिफ्ट.

परदेशी जायचं तर हॅम्बुर्गच्या डेसीचं पेट्रा-३ डोळ्यांसमोर ठेवा. परीघ २३०४ मीटर, आणि पी०६ ही बीमलाइन अशाच सूक्ष्म नकाशांसाठी बांधलेली. भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा डेसीशी करार आहे. साहा इन्स्टिट्यूट आणि बंगळुरूचं जेएनसीएएसआर या संस्था त्यात आहेत, आणि निवड झालेल्या भारतीय गटांना प्रवासाची मदत मिळू शकते. इटलीत त्रिएस्तेच्या एलेत्रावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं एक्सआरएफ केंद्र आहे, तिकडेही भारतीयांना अर्ज करता येतो. मदत नाहीच मिळाली तर विमानाचे हंगामाप्रमाणे साठ हजार ते लाख, शेंगेन व्हिसाचे ९० युरो अधिक अर्जकेंद्राचं शुल्क, आठवड्याचं राहणं-खाणं. माणशी सव्वा ते दीड लाख हातात ठेवा. प्रपोजल वर्षातून साधारण दोनदाच घेतात. आज लिहिलेल्या अर्जाचा बीम मिळेपर्यंत सहा-आठ महिने गेले तर आश्चर्य नको. या काळातही जेआरएफचे महिन्याला ३७,००० चालूच असतात. विद्यार्थी रिकामा बसला तर हा खर्च सगळ्या तिकिटांपेक्षा मोठा, पण कुठल्याही बजेटच्या रकान्यात तो दिसत नाही.

आता वेळेचं गणित, कारण प्रपोजल इथेच पडतं. समजा बारीक किरणाने उंदराच्या अवयवाची एक आडवी चकती पाहायची. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत १०० थांबे, मग नमुना थोडा फिरवायचा, पुन्हा १०० थांबे, असे ६० कोन. प्रत्येक थांब्यावर एक सेकंद. झाले ६,००० सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं, आणि हाती आली एक चकती. अशा वीस चकत्या हव्या असतील तर तेहेतीस तास वीस मिनिटं. चार शिफ्टहून जास्त, तेही एका सॅम्पलला, मोटरी हलायचा वेळ न धरता. आणि प्रपोजलमध्ये लोक लिहितात ‘सहा सॅम्पल, सहा शिफ्ट’. परीक्षक हे गणित कागदाच्या कोपऱ्यात करतो आणि अर्ज बाजूला ठेवतो. त्यापेक्षा आधी जाड किरणाने झटपट चाळून सोनं कुठे आहे ते पाहीन, मग तिथल्याच तीन चकत्या बारीक घेईन, असं लिहा.

सॅम्पल बिघडलं की सगळं बुडालं

सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात महाग पडते ती इथे. एका गटाबरोबर मी गेलो होतो तेव्हा काप नेहमीच्या काचेच्या स्लाइडवर चढवलेले होते. काचेत पोटॅशियम, कॅल्शियम, जस्त असं कायकाय असतं, आणि किरण काप ओलांडून काचेत शिरतो. पडद्यावर काचेचा सुंदर नकाशा आला. दोन शिफ्ट त्यात गेल्या. पातळ मायलर किंवा कॅप्टॉन फिल्मवर तेच काप घेतले असते तर फिल्मचा खर्च काहीशे रुपये होता. आधी विचारायचं आम्हीच विसरलो होतो.

जस्ताचा त्रास काच टाळूनही संपत नाही, कारण ते प्रत्येक उतीत असतंच. त्याची एक रेषा ९.५७ केईव्हीला, सोन्याची मुख्य एल रेषा ९.७१ ला. साध्या सिलिकॉन डिटेक्टरला या दोन रेषा वेगळ्या काढणं जड जातं. म्हणून ज्या उंदराला सोनं दिलंच नाही त्याच्याही कापात थोडं ‘सोनं’ दिसतं आणि विद्यार्थी हरखून जातो. यावर तोडगा ११.४ केईव्हीच्या रेषेवर भरवसा ठेवण्याचा. पण त्यातली मोठी रेषा उठवायला किरण १३.७ च्या वर हवा, १२.५ वर लावून बसलात तर ती उगवणारच नाही. म्हणून बीमलाइनच्या शास्त्रज्ञाला पहिल्याच पत्रात विचारा: मला १४ च्या वर ऊर्जा मिळेल का? या एका प्रश्नाने तुम्ही तयारी करून आला आहात हेही त्यांना कळतं.

सॅम्पलच्या डबीला पितळी स्क्रू नकोत, चकाकीसाठी सोन्याचा मुलामा दिलेले धारक तर मुळीच नकोत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ज्या कापावर सोन्याचा थर चढवला, तोच काप इथे आणणारेही भेटलेत. हसू नका, रात्री तीन वाजता ही चूक कुणाकडूनही होते.

उंदरांचं काम असेल तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी, कण नंतर. समिती महिनोन्महिने भरत नाही अशी तक्रार सगळीकडे ऐकतो, तेव्हा बैठकीची तारीख विचारूनच प्रकल्पाचं वेळापत्रक मांडा. साधा उंदीर काहीशे रुपयांत मिळतो. रोगप्रतिकार नसलेले, गाठ रुजवायला लागणारे उंदीर हजारांत जातात, आणि त्यांना निर्जंतुक पिंजरे, खाद्य, बिछाना लागतो. पिंजऱ्याचं रोजचं भाडं किती हे प्राणिगृहाला विचारा आणि तीन महिन्यांच्या हिशेबाने ९० ने गुणा. परदेशी जिवंत प्राणी न्यायच्या भानगडीत पडूच नका. स्थिर केलेले, सुकवलेले नमुने न्या, आणि नॅनोकण आहेत हे सुरक्षेच्या अर्जात स्पष्ट लिहा. माणसाच्या उती असतील तर आयसीएमआरच्या नियमांची वेगळी वाट आहे, तिला काही महिने धरा.

स्वतःचं यंत्र घ्यावं का, असाही प्रश्न विभागप्रमुख विचारतात. द्रव धातूच्या धारेचा स्रोत कोटींतली वस्तू आहे. साधी क्ष-किरण नळी आणि एक चांगला डिटेक्टर घेऊन ह्यूस्टनसारखं टेबलावरचं यंत्र उभं करता येतं, त्याचं सामान लाखांत येतं. पण उच्च ऊर्जेला सिलिकॉन डिटेक्टर पुरत नाही, कॅडमियम टेल्युराइडचा लागतो, शिशाचं आवरण लागतं, एईआरबीची परवानगी लागते, आणि दोन वर्षं फक्त यंत्रालाच वाहून घेणारा एक पीएचडी विद्यार्थी लागतो. भौतिकशास्त्र विभाग बरोबर नसेल तर या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडेवारी सोडवायला पैसे लागत नाहीत. ग्रेनोबलच्या ईएसआरएफने बनवलेलं पायएमसीए आणि अमेरिकेच्या आर्गॉन प्रयोगशाळेचं टोमोपाय ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. बीमला जाण्याआधी महिनाभर दुसऱ्या कुणाच्या जुन्या आकड्यांवर हात बसवून घ्या. तिथे पहिल्या रात्रीच रेषा ओळखता आल्या तर दुसऱ्या दिवशी काय मोजायचं ते ठरवता येतं. घरी येऊन शिकायचं म्हटलं तर मोजायचं राहूनच गेलेलं असतं.

पेटी भरताना तीन जास्तीची सॅम्पल ठेवा. एक, कण न दिलेल्या उंदराचं. दुसरं, नुसती फिल्म. तिसरं, ज्यात किती सोनं आहे हे आयसीपीवर आधीच मोजलेलं आहे असा जिलेटिनचा तुकडा. पहिल्या शिफ्टच्या पहिल्या तासात हीच तीन लावा. तिन्ही मिळून खर्च पाचशे रुपयांच्या आतला.